घरची शेळी : तिचा स्वभाव आणि आपला बांध



ऊस विकास अधिकाऱ्याने शेळीवर लेख लिहावा याचे काही जणांना नवल वाटेल. लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि पाचट यांखेरीज आमच्याकडून दुसरे काही ऐकायची सभासदांना सवय नाही. परंतु गेल्या हंगामात गट ऑफिसवर ज्या तक्रारी आमच्यापुढे आल्या, त्यांत उसाच्या नोंदी आणि तोडीचा पाळीपत्रक यांच्या खालोखाल तक्रारी होत्या त्या शेरडांच्या. "साहेब, अमक्याच्या शेरडांनी माझी लागण खाल्ली, पंचनामा करा." पंचनाम्याचा अधिकार आम्हाला नाही असे सांगितले तरी माणूस हलत नाही. मग बांधावर जावेच लागते.

यंदाच्या उन्हाळ्यातील एक प्रकरण सांगतो. नावे आणि गाव देत नाही, कारण दोघेही आपलेच सभासद आहेत आणि हा अंक दोघांच्याही घरी जातो. सख्खे चुलत भाऊ, मध्ये एकच बांध. धाकट्याच्या घरची शेळी रोज दावे तोडून थोरल्याच्या दोन महिन्यांच्या सुरू लागणीतून जाई. आधी बोलाचाली झाली, मग शिवीगाळ, मग शेळी कोंडवाड्यात. शेवटी थोरला म्हणाला, "आता परत दिसली तर कुऱ्हाडच घालतो." हे ऐकून धाकट्याची मंडळी आमच्यासमोर डोळ्याला पदर लावून उभी राहिली. शेळीची खरी मालकीण तीच. उसाचे बिल बँकेत मालकाच्या खात्यावर जमा होते. त्या माउलीच्या हातात स्वतःचा म्हणून जो पैसा येतो तो ह्या शेळीच्या करडांचा. पोरीची वह्या-पुस्तके त्यातून, माहेरी जायचे भाडे त्यातून.

आम्ही त्या दिवशी नुकसान मोजले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून अकरापर्यंत बांधावरच्या बाभळीखाली बसून शेळी काय करते एवढेच पाहिले. (उंटावरून शेळ्या हाकणारे अधिकारी अशी आमची थट्टा होते, म्हणून त्या दिवशी मोटारसायकल गावातच ठेवली होती.) दावे तोडल्यावर शेळी उसात थांबलीच नाही. दोन-चार ठिकाणी तिने तोंड घातले, ते उसाला नव्हे, वरंब्याच्या बगलेला टोकलेल्या मेथी-कोथिंबिरीला. आणि ती सरळ पलीकडे निघून गेली. पलीकडे ओढ्याच्या काठी एका आजीच्या पाच-सहा शेळ्या चरत होत्या. त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि तिचे ओरडणे थांबले. आम्ही घरी चौकशी केली तेव्हा कळले, की दोन शेळ्या होत्या, त्यातली एक माघातल्या जत्रेला विकली. तेव्हापासून उरलेली रात्रंदिवस ओरडते आणि दावे तोडते.

म्हणजे ज्या शेळीला सगळे गाव चोरटी म्हणत होते, ती चोरीला जातच नव्हती. ती सोबतीला जात होती, आणि वाटेत ऊस लागत होता.

शेळी हे कळपाचे जनावर आहे. बैल एकटा दावणीला वर्षानुवर्षे राहतो, म्हैसही राहते. शेळी एकटी राहिली की तिला भीती वाटते, कारण मुळात डोंगराळ मुलखातले हे जनावर, आणि कळप सुटला म्हणजे लांडग्याने गाठले हा तिच्या रक्तातला अनुभव. एकट्या शेळीचे खाणे कमी होते, दुभती असली तर दूध उतरते, आणि ओरडण्याने घरच्यांची झोप जाते ती निराळीच. बाजारातून एकच शेळी आणणाऱ्याला पहिले दोन-तीन दिवस हा अनुभव येतोच. म्हणून पाळायची तर दोन पाळाव्यात. दुसरी दुभतीच पाहिजे असे नाही. तिचेच मोठे झालेले करडू किंवा खच्ची केलेला बोकडही सोबतीला चालतो. तेही जमत नसेल तर निदान इतर जनावरे आणि घरातली माणसे तिला दिसतील अशा जागी बांधावी. गोठ्याच्या मागे एकटी बांधलेली शेळी दावे तोडणारच. दाव्याचे म्हणाल तर खुंट्याला भोवरकडी बसवावी. शेळी खुंट्याभोवती फिरून दावे आखडून घेते आणि गळफास बसून मेलेली शेळी आम्ही स्वतः पाहिली आहे.

आता खाण्याचे. आमच्या शेतकीच्या पदविकेला पशुसंवर्धनाचा एक विषय होता, त्यात शेळीच्या वाट्याला जेमतेम दोन पाने आली होती. त्या दोन पानांतली एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात राहिली : गाय आणि मेंढी खाली मान घालून गवत खाणारी, शेळी मान वर करून पाला ओरबाडणारी. तिचा वरचा ओठ हलता आणि नाजूक असतो. काटेरी बाभळीतून ती नेमके पान काढून घेते, मागच्या पायांवर उभी राहून बोरीचा शेंडा गाठते. कडू चवीचे तिला वावडे नाही, लिंबाचा पाला आवडीने खाते. पण जमिनीवर टाकलेल्या, पायदळी आलेल्या, लेंड्या-मुताचा वास लागलेल्या चाऱ्याला ती तोंड लावत नाही. आपण म्हणतो, "बघा किती नखरेल." नखरा कसला. तशा चाऱ्यातून जंत पोटात जातात, आणि शेळीला जंताइतका दुसरा शत्रू नाही. तिची ही सवय तिच्या फायद्याची आहे, आपण तिच्याशी भांडू नये.

आपल्याकडे हंगामात वाढ्याची रेलचेल असते. लोक वाढ्याची पेंढी सोडून शेळीपुढे पसरतात. शेळी वरची पात चाखते, बाकीची तुडवते आणि मग बांधावरच्या हिरव्याकडे बघत बसते. वाढे द्यायचे तर कुट्टी करून, उंच गव्हाणीत, आणि त्यावर चुन्याची निवळी शिंपडून द्यावे. वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळे जनावराच्या अंगी चुना लागत नाही, हे म्हशीच्या बाबतीत आपल्याला माहीत आहे, शेळीच्या बाबतीत आपण विसरतो. नुसत्या वाढ्यावर शेळी कधीच ठेवू नये. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांच्या फांद्यांची जुडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी. (सुबाभूळ चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.) टांगलेला पाला ओढून खाण्यात तिचे दोन तास जातात, पोट भरते आणि मग ती रवंथ करीत बसते. बसलेली शेळी कोणाच्या उसात जात नाही.

उसाच्या नुकसानीबद्दल इथेच दोन शब्द सांगून टाकतो, कारण भांडणे यावरच होतात. शेळीने कोवळ्या उसाचा शेंडा खाल्ला म्हणजे लागण गेली असे समजू नये. कांड्या सुटेपर्यंत उसाचा वाढीचा कोंब जमिनीलगत आत असतो. वरची पाने एकदा खाल्ली गेली तर ऊस पुन्हा फुटून येतो. नुकसान होते ते रोज रोज तोच भाग खाल्ल्याने, पोंगा ओढून काढल्याने, किंवा ओल्या सरीत रोप मुळासकट उपटले गेल्याने. तेव्हा पाहणी करताना किती शेंडे कुरतडले हे मोजू नये, किती जागी नांग्या पडल्या ते मोजावे. आकडा बहुधा दोघांच्याही अंदाजापेक्षा कमी निघतो.

शेळीचा सर्वांत धोक्याचा स्वभाव म्हणजे तिची चौकसबुद्धी. लहान मूल जसे दिसेल ते तोंडात घालते, तशी शेळी प्रत्येक नवी वस्तू ओठाने चाचपून बघते. कागद, दोरी, धुणे, पोते. शेळी काहीही खाते अशी जी समजूत आहे ती यातून झाली. खरे तर ती खात नसते, तपासत असते. पण तपासता तपासता मरते.

दोन वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदाने ठिबकमधून द्यायला युरिया पिंपात भिजवून ठेवला होता आणि रिकामी पोती शेजारी टाकली होती. सुटलेल्या दोन शेळ्यांनी आधी पोती चाटली, त्यांना ती खारट लागली असावीत, मग पिंपातले पाणी प्यायल्या. तासाभरात पोटे फुगली, अंगाला थरकाप सुटला, तोंडाला फेस आला. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत एक गेली होती, दुसरी त्यांच्यासमोर गेली. पोटात गेलेल्या युरियाचा झपाट्याने अमोनिया होतो आणि तो रक्तात भिनतो. त्या घरच्या आजी आम्हाला म्हणाल्या, "कुणीतरी करणी केली वो साहेब, सकाळी चांगली खात हुती." करणी कसली, पिंपाला झाकण नव्हते. आम्ही ते त्यांना सांगितले खरे, पण सांगताना आम्हालाच वाईट वाटले. युरियाचा हप्ता वेळेवर द्या म्हणून महिनाभर त्या घरी खेपा घालणारे आम्हीच. पिंप झाकून ठेवा, हे एकदाही बोललो नव्हतो. तेव्हापासून खताच्या चर्चासत्रात हे सांगितल्याशिवाय आम्ही खाली बसत नाही. तणनाशक मारलेल्या शेताच्या बांधावर शेळी बांधू नये, दाणेदार औषधाचे रिकामे पुडे आणि बेणे प्रक्रियेचे उरलेले पाणी उघड्यावर ठेवू नये, हेही त्यातच आले.

चौकसपणाला जोडून येते ती हुशारी. इंग्लंडमध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पेटीत खाऊ ठेवला, तो मिळवायचा तर आधी तोंडाने दोरी ओढायची आणि मग एक दांडी वर उचलायची. बहुतेक शेळ्या थोड्याच प्रयत्नांत ते शिकल्या, आणि १० महिन्यांनी पेटी पुन्हा पुढे ठेवली तर विसरल्या नव्हत्या. त्याच विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात पेटी उघडेना तेव्हा शेळ्या जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे वळून पाहू लागल्या. "उघडून दे" म्हणाव्यात तशा. आपल्या घरच्या बायकांना यात नवीन काही वाटणार नाही. बाजरीच्या पिंपाचे झाकण ढकलणारी, खोपटाची कडी ओठाने सरकवणारी शेळी दर दोन-तीन गावांत एक असते, आणि तिचे बघून तिचे करडू शिकते. यातला धोका असा, की एकदम पोटभर धान्य खाल्लेली शेळी आम्ल वाढून दोन दिवसांत मरू शकते. तेव्हा धान्याच्या खोलीला नुसती कडी पुरत नाही, खिट्टी किंवा कुलूप लावावे.

कळपात मानपान असतो तो फार कडक. मोठी, शिंगाची, जुनी शेळी आधी खाणार, मग बाकीच्या. नवी शेळी आणली की टकरी होतात. एडका लांबून पळत येऊन धडकतो, तर शेळी मागच्या पायांवर उभी राहून वरून टक्कर देते. दोन-चार दिवसांत पायरी ठरते आणि शांत होतात. मध्ये पडू नये, फक्त गाभण शेळी बाजूला ठेवावी. गव्हाणीला प्रत्येकीला सव्वा-दीड फूट जागा द्यावी किंवा चारा दोन ठिकाणी टांगावा, नाहीतर गरीब स्वभावाची शेळी उपाशी राहते आणि आपण म्हणतो हिच्या अंगी काही लागत नाही. बोकडाच्या पिलाशी पोरे कपाळाला कपाळ लावून खेळतात, ते मात्र थांबवावे. पुढे तोच बोकड चाळीस किलोचा होतो आणि खेळ समजूनच म्हाताऱ्या माणसाला पाडतो.

विण्याच्या वेळचा स्वभाव नीट समजून घ्यावा. शेळी आपल्या करडाला पहिल्या तास-दोन तासांत चाटून वासाने ओळखून ठेवते. त्या वेळात करडू उचलून नेले, साबणाने धुतले किंवा दुसऱ्या खोलीत ठेवले, तर नंतर ती त्याला ढुशी मारून लांब करते, दूध पाजत नाही. माया नाही असे नव्हे, ओळखच झालेली नसते. आणि दुसरी गोष्ट उसाच्या माणसांनी विशेष ध्यानात ठेवावी. कोकरू जन्मल्यापासून आईच्या मागे मागे चालते. करडाचे तसे नाही. पहिले काही दिवस ते आडोसा बघून अंग चोरून पडून राहते आणि आई चरून परत येईपर्यंत हूं की चूं करीत नाही. आपण शेजारून गेलो तरी हलत नाही.

आमच्या गटातल्याच एका खोडव्याच्या शेतातली गोष्ट. ऊस तुटून गेला होता, पाचट रानभर पडले होते आणि शेतमालकाचा मुलगा पेटवायच्या तयारीत होता. (पाचट जाळू नका हे आम्ही दर अंकात लिहितो. तो मुलगा हा अंक वाचत नसावा.) आम्ही त्याच्याशी तेच बोलत उभे होतो तेवढ्यात वस्तीवरची एक बाई चार दिवसांचे करडू हुडकत आली. सकाळपासून सापडत नव्हते, कुत्र्याने नेले असेच सगळे धरून चालले होते. आम्ही म्हटले, "ताई, हाका मारू नका, शेळीलाच सोडून आणा." कास भरलेली शेळी सोडली, ती आली, पाचटाच्या एका ढिगापाशी थांबली, घशातल्या घशात दोनदा ओरडली. पाचट हलले आणि करडू बाहेर आले. आम्ही तिथे दहा मिनिटे आधी येऊन बोलत राहिलो नसतो तर काय झाले असते हे त्या मुलाला आम्ही सांगितले नाही. त्याच्या हातातली काड्याची पेटी त्याने स्वतःच खिशात घातली. त्या रानात पाचट कुजवले आहे.

माजाचे थोडक्यात सांगतो. साधारण २१ दिवसांनी शेळी माजावर येते आणि माज एक-दोन दिवस राहतो. तेव्हा ती ओरडते, शेपटी सारखी हलवते, दुसरीवर चढते, दावे तोडते. पुष्कळ जण भूक लागली समजून चारा टाकत राहतात. कॅलेंडरवर खूण करून ठेवली तर पुढची तारीख आधी कळते, बोकडाची सोय होते आणि शेळी शेजाऱ्याच्या रानात जात नाही. फळल्यापासून सुमारे १५० दिवसांनी विते. बोकड माजात आपल्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, ओठ वर करून दात दाखवतो. एका सभासदाने त्यावर औषध मागितले होते. औषध नाही, तो त्याचा नटण्याचा प्रकार आहे. दुभत्या शेळ्यांपासून त्याला लांब बांधावे, नाहीतर दुधाला वास लागतो.

पाणी शेळीला नको असते. पावसाचे पहिले थेंब पडताच ती आडोसा गाठते, आणि चिखलात उभी ठेवली तर खूर कुजतात. आपली काळी जमीन पावसाळाभर ओली राहते. तेव्हा बाभळीच्या फळ्यांचा, फटी ठेवलेला, गुडघाभर उंचीचा माच करावा. उंचावर बसणे तिला आवडतेच, लेंड्या खाली पडतात आणि त्या खत म्हणून आपल्याच खोडव्याला येतात. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची आणि नेमाप्रमाणे पीपीआरची लस टोचून घ्यावी. शेळी आजार लपवते, तेव्हा रोज चाऱ्याला पुढे धावणारी शेळी एखाद्या सकाळी मागे राहिली, रवंथ करीना, कळपापासून बाजूला उभी राहिली, तर दुपारची वाट पाहू नये.

आता त्या दोन भावांचे. धाकट्याच्या मंडळींनी आठवडे बाजारातून वर्षाची एक तरणी शेळी आणली. चार दिवस टकरी झाल्या, पाचव्या दिवशी दोघी एकमेकींना टेकून बसल्या. थोरल्याच्या लागणीत आम्ही दोघांना बरोबर घेऊन नांग्या मोजल्या. त्याने शंभर सांगितल्या होत्या, बावीस निघाल्या. धाकट्याने आपल्या रोपवाटिकेतली रोपे देऊन त्या भरून दिल्या. दोघे एकमेकांशी अजून बोलत नाहीत, निरोप आमच्यामार्फत चालतात. मधल्या बांधावर शेवरी लावायची असे मात्र दोघांनीही वेगवेगळे येऊन आम्हाला सांगितले आहे. पाला कोणी किती न्यायचा हे ठरायचे आहे.

ज्या सभासदांना बांधावर शेवरी किंवा हादगा टोकायचा असेल त्यांनी आपले नाव आणि गट नंबर पाऊस सुरू होण्याच्या आत गट ऑफिसवर नोंदवावा. शेळी घरच्या मंडळींच्या नावाची असेल तर नोंदीला त्यांनाच पाठवावे. कोणत्या झाडाचा पाला शेळीला चालतो हे त्यांनाच जास्त माहीत असते.